माझ्या अनारशांवर खसखस का नसते

संपादकांनी माझ्याकडे अनारशांची कृती मागितली होती. पत्रात लिहिलं होतं, ‘जव्हारला तुमच्या हातचे अनारसे खाल्लेले लोक आज मोठमोठ्या जागांवर बसले आहेत आणि दर दिवाळीला तुमची आठवण काढतात.’ हे वाचून मी आधी आरशात पाहिलं, पदर सारखा केला आणि मग कृती लिहायला बसले. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावं, इथपर्यंत झकास चाललं. ‘खसखशीवर थापावा’ या ओळीशी आले आणि हात अडला. माझ्या अनारशावर खसखस नसते. मी तो रव्यावर थापते. आता तसं का, हे सांगितल्याशिवाय कृती देणं म्हणजे लबाडी झाली असती. म्हणून ‘का’ लिहायला घेतलं आणि सगळी पानं त्यातच गेली. संपादकांनी मोठ्या मनानं घ्यावं.

तर, मला एक सवत होती. दचकू नका. संस्थानच्या राज्यात ती दुकानात मिळायची. रंगानं काळी, चवीला कडू, अंगानं मिऱ्याएवढी. नाव अफू. तिच्यापायी माझा नवरा सहा वर्षं माझा नव्हता, आणि तिला घराबाहेर काढल्यावरही कितीतरी वर्षं तो निम्माच माझा होता. उरलेला निम्मा मिळवायला मी काय काय केलं आणि त्यात एकदा कशी तोंडावर आपटले, ते सांगते.

माझी खाणावळ मोटारस्टँडच्या वरच्या अंगाला. संस्थान विलीन झालं आणि गावात एकाएकी परगावच्या माणसांची रीघ लागली. ठाण्याहून कारकून आले, पुण्याहून मोजणीदार आले, नाशकाकडून मास्तर आले. सगळे एकटे. ‘तिकडे जंगल आहे, वाघ आहे’ म्हणून बायकामुलं मागे ठेवलेली. वाघ होताच, नाही असं नाही. पण भात शिजवता येत नाही हे संकट त्यांना वाघाहून मोठं होतं. मी मराठी सातवी झालेली, हात सुगरणीचा, तोंड त्याहून चालणारं. दोन खोल्या होत्या. पाट मांडले, खाणावळ सुरू.

बाहेरच्याला वाटतं, खाणावळ म्हणजे आमटी-भात. तसं नसतं. खाणावळ म्हणजे चौदा माणसांची चौदा पोटं ओळखणं. पुण्याकडचा माणूस पहिल्या आठवड्यात नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी पाहून विचारतो, “ही करपली का हो?” दुसऱ्या आठवड्यात अर्धी खातो. तिसऱ्या महिन्यात गव्हाच्या पोळ्या केल्या तर तोंड पाडतो. घरचं पत्र आलं की माणूस दोन घास कमी खातो, पत्र नाही आलं की चार घास कमी. भाकऱ्या थापायला साखरशेतची देवकी होती. ती चुलीपाशी बसून नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायची, “ताई, त्या मास्तर रुसून आलाय, दीडच खायल.” आणि मास्तर दीडच खायचे.

माझ्याकडे प्रत्येक मेंबराचं स्वतःचं पितळी ताट होतं, नाव घातलेलं. पंगतीआधी ताटं पाटांसमोर मांडायची. कोणी रजेवर गेलं की त्याचं ताट त्याच्या जागी पालथं ठेवायचं, म्हणजे तिथं दुसरं कोणी बसत नाही आणि देवकीला भाकऱ्यांचा अंदाज येतो. पालथ्या ताटाला वाढायचं नाही, हा नियम. पुढे या नियमाला मी शेपूट जोडलं. एक मोजणीदार होते, ते भाकरीचे काठ मोडून पाटाखाली सरकवायचे. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी रजा नसताना त्यांचं ताट पालथं. गृहस्थ आले, पाहिलं. बाकीचे खाली मान घालून हसतायत. त्यांनी निमूट पाटाखालचे काठ गोळा केले, बाहेर गाईला घातले, हात धुतले आणि म्हणाले, “वहिनी, मोजणी पुरी झाली. आता वाढा.” तेव्हापासून कचेरीत कोणाची खरडपट्टी निघाली की लोक म्हणू लागले, ‘आज याचं ताट पालथं झालं.’ मला या गोष्टीचा फार तोरा होता. त्याच तोऱ्यानं पुढे मला खड्ड्यात घातलं.

आता आमचे हे. नाव मी घेत नाही. गाव रामभाऊ म्हणायचं, तुम्हीही म्हणा. संस्थानच्या वेळी हे रस्त्यांवरच्या कंदिलांची दिवाबत्ती करायचे. खांद्यावर शिडी, हातात घासलेटचा डबा, काखेत काचा पुसायचं फडकं. शिडी चढून-उतरून कंबर धरायची. कोणीतरी म्हणालं, ‘एवढीशी घे, दुखणं पळेल.’ दुखणं पळालं आणि त्याच्यामागून नवराही पळाला.

दारुड्याची बायको निदान भांडू तरी शकते. अफू खाणारा आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही, गटारात पडत नाही. तो भिंतीला टेकून बसतो, डोळे अर्धे मिटतो आणि कोणाकडे तरी पाहून गोड हसतो. ते कोणीतरी आपण नसतो. नव्या लुगड्यात समोर उभ्या असलेल्या बाईला याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नाही. आमच्या लग्नाची तिथी यांना कधी आठवली नाही. अफूची वेळ मात्र घड्याळाशिवाय कळायची. दुपारचे चार.

संस्थान गेलं, तशी यांची शिडीही गेली. अफूही पूर्वीसारखी मोकळी मिळेना. नाव नोंदवा, कार्ड काढा, ठरलेली तेवढीच घ्या, असं सुरू झालं. कार्डावर नाव चढवायची यांना लाज वाटली. त्या लाजेचा मी पुरेपूर फायदा घेतला. यांना दवाखान्यात नेऊन डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टरांनी रोज थोडी थोडी कमी करत आणली आणि शेवटी बंद केली. जांभयांवर जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, पायांत गोळे. हे आतल्या खोलीत, आणि मी दारात बसून तांदूळ निवडतेय. शिव्या दिल्या तरी निवडतेय, पाया पडले तरी निवडतेय. तेवढा निवडलेला तांदूळ जव्हारमध्ये कोणाच्या घरी नसेल. एका सकाळी हे उठले, आंघोळ केली आणि म्हणाले, “भूक लागलीय गं.” मी गरम भाकरी वाढली. चार खाल्ल्या. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टर म्हणाले, “सुटली.” शरीरातून सुटली होती, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. डोक्यातलं त्यांना कसं दिसणार? ते पाहायला एकाच घरात राहावं लागतं.

चार वाजले की यांचा हात कमरेला जायचा. पूर्वी तिथं डबी असायची. डबी मी विहिरीत टाकली होती, हाताला ते कोणी सांगितलं नव्हतं. हात चाचपायचा, काही सापडायचं नाही, आणि चेहरा असा व्हायचा, की जणू स्टँडवर मोटार नुकतीच सुटून गेलीय. मी विचारायची, “कोण आठवतंय?” हे खोटं बोलायचे नाहीत. “तीच,” म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड.

दुसरं, न विचारता खुलासे. परसात जाऊन आले तरी उंबऱ्यातूनच सुरुवात. “मी लाकडं बघायला गेलो होतो. दोन ओली निघाली. तिथं गुरवाची गाय होती. तिनं पण बघितलं.” अहो, विचारलं कोणी? खरं बोलणाऱ्याला गाईची साक्ष कशाला लागते? पण सहा वर्षं लपवण्यात गेली होती. लपवायचं संपलं, तरी खुलासे शिल्लक राहिले होते.

धुकं पडलं, सर्दी झाली, एक जांभई आली, की हे पांढरेफटक. “ती बोलावतेय गं.” मी म्हणायची, “ती नाही, पडसं आहे. काढा घ्या.” आणि याच्या उलटही व्हायचं. एखाद्या दिवशी ऊन छान पडलेलं, आमटी जमलेली, मेंबरं खुशीत, आणि हे एकदम कोपऱ्यात येऊन कुजबुजायचे, “आज उगाचच बरं वाटतंय. मी काही खाल्लं तर नाही ना? तोंडाचा वास बघ.” बरं वाटण्याचीसुद्धा भीती! मी वास घ्यायची. कांद्याचा यायचा. तेवढ्यापुरतं आम्हा दोघांनाही हायसं वाटायचं.

मी तरी कुठं शहाणी होते? माझीही डोक्यात बसलेली कुलपं होती. यांचा सदरा धुवायच्या आधी हुंगायचा. बाहेर जायचं तर सोबत कोणीतरी द्यायचं. नाशकाला माल आणायला मी स्वतः जाणार, यांना एकटं पाठवणार नाही. अफू पोटात गेली की डोळ्यातली बाहुली आकसून मोहरीएवढी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग काय, “अहो, डोळ्यात काही गेलंय का बघू,” म्हणून दिवसातून तीनदा मी यांना दारातल्या उजेडात उभं करायची आणि पापण्या ताणून पाहायची. एकाच माणसाच्या डोळ्यात रोज तीन वेळा कचरा कसा जातो, हे यांनी कधी विचारलं नाही.

खसखशीचंही त्यातलंच. पहिल्या दिवाळीला वाणी पुडी बांधता बांधता सहज बोलला, “अफूच्या बोंडातलंच बी हो हे, वहिनी.” मी पुडी तिथंच ठेवून आले. खसखशीनं काही चढत नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावलं, वाण्यानं समजावलं, मेंबरांनी समजावलं. चढण्याचा प्रश्नच नव्हता हो! सवतीला घराबाहेर काढायचं आणि तिची पोरं माझ्या अनारशांवर ओळीनं बसवायची? आमच्याकडे जेवायला कचेरीतले अवलकारकून गोगटे होते. पुण्याकडचे, वयानं वडील, जिभेनं तिखट. त्या दिवाळीला अनारसा बोटांत धरून म्हणाले, “वहिनी, उघडाबोडका दिसतो हो.”

मी म्हटलं, “लाज वाटत असेल तर डोळे मिटून खा.”

त्यांनी डोळे मिटून सहा खाल्ले.

आता साठ्याकडे येते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हे घरात वस्तू लपवू लागले. चोरायला नव्हे, राखायला. चहाची भुकटी संपत आली की त्यातली चिमूटभर कागदात बांधून कौलाखाली. गुळाचा खडा जात्याच्या मागे. मीठ, काड्यांची पेटी, सुपारीचं खांड. मला पत्ता लागायचा तो मुंग्यांमुळे. भिंतीवर रांग दिसली की मी तिच्या मागोमाग जायची आणि टोकाला गुळाची पुडी. मुंग्या माझ्या खबऱ्या होत्या. प्रत्येक पुडी मी उघडून हुंगायची, जिभेवर ठेवायची. गूळ तो गूळच निघायचा. मला कुठंतरी निराशाच व्हायची, हे आज कबूल करते. पुरावा सापडला असता तर भांडता तरी आलं असतं.

विलीनीकरणानंतरचा चौथा की पाचवा भाद्रपद होता. दोन्ही अंगांच्या घाटांत दरडी आल्या. मोटार बंद. वाण्यानं पहिले तीन दिवस दिलं, चौथ्या दिवशी रिकाम्या पोत्यांकडे बोट दाखवलं. माझी शिधाकोठी खडखडीत. चौदा माणसं जेवायला येणार आणि देवकीपुढे परातीत दोन मुठी पीठ. खाणावळ एक दिवस बंद राहिली की मेंबरं पांगतात, हे या धंद्याचं पहिलं भय. कोणी कचेरीत चूल मांडतो, कोणी ओळखीच्या घरी जातो, आणि एकदा पांगलेला माणूस परत पाटावर येत नाही. मी पंगतीच्या खोलीत उभी राहिले आणि सांगितलं, “आजपासून तुमची तुम्ही सोय बघा.”

हे दारात उभे होते. म्हणाले, “थांब.”

आणि माझ्या नवऱ्यानं जे काढायला सुरुवात केली, ते पाहून चौदा माणसांची तोंडं उघडीच राहिली. माळ्यावर कंदिलाच्या काचांची जुनी खोकी होती. मला वाटायचं, रिकामी आहेत. एकेका खोक्यात तांदूळ, नागली, उडीद. वाशांच्या खाचांत मिठाची गाठोडी. पालथ्या रांजणाखाली गुळाची अर्धी ढेप. खोक्यांच्या भोवती राखेची रेघ ओढलेली. माझ्या खबऱ्यांचा बंदोबस्त! देवकी पाटावरून उठली आणि म्हणाली, “भाऊ, तू तर उंदराचा राजा हायस.”

चार दिवस आम्ही पेज, आंबील, उडदाचं कढण असं करून काढले. एकही पाट रिकामा राहिला नाही. गोगट्यांनी तर पहिल्याच पंगतीत भाषण केलं. “रामभाऊंना खरं म्हणजे पुरवठा खात्यात घ्यायला हवं! याला म्हणतात दूरदृष्टी!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाढत होते. टाळ्या वाजवायला मी हातातली पळी खाली ठेवली नाही.

कारण ही दूरदृष्टी मी शिकवलेली नव्हती. पंगत उठल्यावर मी यांना गाठलं.

“हे कुठं शिकलात?”

“सवय आहे.”

“कोणाची?”

हे म्हणाले, “तिचीच. डबी रिकामी व्हायच्या आत थोडी दुसरीकडे ठेवावी लागायची. संपली तर काय, हा घोर. ती गेली, घोर गेला नाही. आता मिठाकडे बघून तसंच वाटतं. तांदळाकडे बघून वाटतं. मी काय करू?”

“म्हणजे माझी खाणावळ तिनं वाचवली.”

“असं कुठं म्हणालो मी?”

“आणि माझ्याकडे बघून काय वाटतं?”

हे हसले. नुसते हसले. मला तेच जुनं हसू दिसलं, भिंतीला टेकून हसायचे ते.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण शेवटचं खोकं उघडताना यांनी त्यातून लाल फडक्याची एक लहानशी गाठ उचलली आणि झटकन कमरेला खोचली. मी पाहिलं.

“त्यात काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही, तर दाखवा.”

“ते लोकांना वाढायचं नाही.” एवढंच बोलून निघून गेले. मागे वळून खुलासाही नाही! गाईची साक्ष काढणारा माणूस, आणि आज खुलासा नाही! माझी खात्री पटली. सवत परत आली होती, माझ्याच माळ्यावर बिऱ्हाड करून राहिली होती.

ते चार दिवस मी कशी वागले ते सांगायला शरम वाटते आणि मजाही वाटते. हे आंघोळीला गेले की मी खुंटीवरचे कपडे चाचपायची. गाठ नसायची, आत नेलेली. डोळे तपासले, बाहुल्या चांगल्या मिऱ्याएवढ्या. मी मनात म्हटलं, अजून खाल्ली नाही, नुसती जवळ ठेवलीय, म्हणजे प्रेम तर त्याहून जास्त! तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला हे फणसाखाली जाऊन बसले. मी कुडाच्या फटीला डोळा लावला. हात कमरेला गेला, आणि या वेळी हाताला सापडलं. चेहरा कसा निवांत झाला! गाठ सोडली नाही, काही नाही. फक्त वर हात ठेवून बसले, जसा कोणी कोणाच्या पाठीवर ठेवतो. माझ्या पाठीवर असा हात शेवटचा कधी ठेवला होता, ते मी आठवत राहिले.

देवकी मागून म्हणाली, “ताई, भाऊच्या गाठीत कां जीव घालतेस? माझ्या दादल्याच्या कमरेला चार गाठी हायत. मी एक नाय सोडली.”

“तुझा दादला अफू खात नव्हता.”

“तुझा तरी खातो कां आता?”

मी तिला भाकऱ्या जाड थापतेस म्हणून रागावले.

पाचव्या दिवशी वाट मोकळी झाली. पहिली मोटार आली, पोती उतरली, आणि मी सणासारखा स्वयंपाक केला. गोगटे नारळ घेऊन आले. म्हणाले, “आज रामभाऊ आमच्या पंगतीत बसणार, आणि पहिलं ताट त्यांचं.” एरवी हे मागाहून जेवायचे. त्यांचं ताट मी स्वतःच्या हातानं पंगतीच्या टोकाला मांडलं. मांडताना नजर त्यांच्या कमरेकडे गेली. लाल फडक्याचं टोक बाहेर आलं होतं. नारळ मिळणार, टाळ्या मिळणार, आणि तीही मांडीशी बसून माझ्या हातचं जेवण बघणार.

मी ताट उचललं आणि पालथं घातलं.

हे आले, पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं. त्याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. मी म्हटलं, “गाठ सोडा, मग सुलटं करते.”

मला वाटलं, चिडतील. उठून जातील. हे कमरेची गाठ काढून शांतपणे सोडू लागले. लाल फडकं उलगडलं. आत नागलीच्या भाकरीची एक चतकोर. वाळून खापरासारखी झालेली.

हे माझ्याकडे न पाहता बोलले, “तू माहेरी पोशेऱ्याला गेली होतीस, भावाच्या मुलाच्या बारशाला. आठ दिवस. जाताना भाकऱ्या करून ठेवल्या होत्यास. त्यातली चतकोर मी मागं ठेवली. संपली तर म्हणून.” मग पालथ्या ताटाकडे पाहून म्हणाले, “आज संपली.”

तांब्यातलं पाणी त्या चतकोरीवर शिंपडलं, जरा थांबले आणि खायला लागले. कडक, कडक. मुंग्यांनीसुद्धा जिच्याकडे पाहिलं नव्हतं, ती माझी भाकरी होती.

तेवढ्यात टण् असा आवाज झाला. गोगट्यांनी स्वतःचं ताट पालथं घातलं होतं. माझ्याकडे न बघता, छताकडे बघत. मग मास्तरांनी. मग मोजणीदारांनी. टण्, टण्, टण्, पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझाच नियम, माझ्याच खोलीत, माझ्यावर.

हे घास गिळून म्हणाले, “अगं, वाढ त्यांना. चार दिवस पेजेवर आहेत.”

मी खाली वाकले आणि पहिलं यांचं ताट सुलटं केलं. मग एकेक करून बाकीची, चौदाच्या चौदा, गुडघ्यांवर सरकत. आमटीत मीठ पडलं नव्हतं त्या दिवशी. गोगटे एवढंच म्हणाले, “वहिनी, आज आमटी माफ.”

माफी मी मागितली का? शब्दांनी नाही. तेवढं मोठेपण माझ्यात नव्हतं. पण एक गोष्ट मला कळून चुकली होती. यांचा साठा मी त्यांना खायला लावला होता, आणि आता यांच्या कमरेला काही उरलं नव्हतं. चार वाजता हात तिथं गेला, रिकामा परत आला, आणि चेहरा पुन्हा तसाच, मोटार चुकल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी एक चतकोर चुलीच्या उबेवर वाळवली, लाल फडक्यात बांधली आणि त्याच खोक्यात ठेवून दिली. ती तिथून नाहीशी झाली. तेव्हापासून मी माहेरी निघाले की एक चतकोर वाळवते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आम्ही दोघांनी या विषयावर एक अक्षर उच्चारलेलं नाही, आणि नाशकाला माल आणायला आता हे एकटे जातात. परत आले की उंबऱ्यातून गाई-म्हशींच्या साक्षी सुरू होतातच.

माझा जळकेपणा गेला असं मात्र समजू नका. आता मला त्या चतकोरीचा हेवा वाटतो. मी गरम, पापुद्रा सुटलेली भाकरी घेऊन समोर उभी, आणि यांचा हात त्या वाळक्या तुकड्यावर! खसखसही घरात आलेली नाही. गोगटे निवृत्त होऊन पुण्याला गेले, तिथून दिवाळीला पत्र येतं, ‘अनारसे अजून उघडेच का?’ मी उलट टपाली कळवते, उघडेच.

डोळे पाहायचंही चालू आहे. आता हे स्वतःच येतात. चार वाजले की चहा घ्यायच्या आधी दारातल्या उजेडात उभे राहतात, वाकतात, डोळे मोठे करतात आणि म्हणतात, “बघ, काही गेलंय का.” मी पाहते. बाहुली अगदी जशी असावी तशी असते, आणि तिच्यात मी दिसते. नीट निरखून पाहिलंय मी. मिऱ्याएवढी. सवत होती, बरोबर तेवढीच. तिच्यापेक्षा कणभरही मोठी नाही. याचा मला आजही राग येतो.